बावखल बुजवून तरणतलाव

यंदाच्या फेब्रुवारीत आमच्या धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाने वेदीसेवक आणि धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी मे महिन्यात तीन दिवसांचे उन्हाळी शिबिर घेण्याचा ठराव एकमताने संमत केला. ठिकाण ठरले किनाऱ्याजवळचे एक रिसॉर्ट. तेथे तरणतलाव आहे, पावसाचा आभास निर्माण करणारे कारंजे आहे, तारेच्या कुंपणात चार बदके, दोन ससे आणि एक कंटाळलेला घोडा आहे. ‘ग्रामीण जीवनाचा अनुभव’ या नावाखाली एक बैलगाडीही ठेवलेली आहे. ती मुलांना आवारातून दोन फेऱ्या मारून आणते आणि पुन्हा जागच्या जागी उभी राहते. ठरावाखाली अध्यक्ष या नात्याने आमची सही आहे. आगाऊ रकमेच्या धनादेशावरही आमचीच सही आहे. तेव्हा पुढे जे आम्ही लिहिणार आहोत त्यातला पहिला आरोपी कोण, याविषयी वाचकांनी संशय बाळगू नये.

मार्चमध्ये एकदा जागा पाहून यावी म्हणून आम्ही गेलो. दुपारचे दोन वाजले होते. फाटकातून आत शिरतो तो समोर टँकर उभा. त्याची जाड नळी तरणतलावात सोडलेली होती आणि निळ्या फरशीवर पाणी कोसळत होते. टँकरचा चालक एके काळी आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातला मुलगा. आम्हाला पाहून त्याने हातातली विडी टाकली आणि आमच्या चेहऱ्यावरची शंका ओळखल्यासारखा म्हणाला, “पाण्याची काळजी करू नका फादर, खारं नाही. तुमच्याच वाडीतल्या विहिरीचं आहे. मोठ्या भावाकडचं.”

आमच्या जन्मघराची वाडी तेथून फार तर चार किलोमीटरांवर आहे. त्या वाडीतल्या पाण्यात आम्ही एक पैसा न देता पोहायला शिकलो. आता तेच पाणी टँकरने चार किलोमीटर प्रवास करून, औषध घातले जाऊन, आमच्याच धर्मग्रामाच्या पैशाने आमच्या मुलांना विकत मिळणार होते. हा विनोद कोणी केला, याचा विचार करीत आम्ही परतलो.

वसईच्या वाडीवर लिहिणे ही आता आपल्या साहित्यातली एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. या त्रैमासिकाच्या संपादकांची क्षमा मागून सांगतो, दर उन्हाळी अंकात निदान दोन लेख तरी रहाटाची कुरकुर, मोगऱ्याचा सुगंध, आजीच्या हातची सुकेळी आणि विहिरीवरची पहाट यांवर असतातच. आम्हीही असे लेख लिहिलेले आहेत. त्यांतले काही डोळे भरून आणणारे होते, असे वाचकांनी कळवले होते. आज मात्र आम्हाला त्या लेखांची लाज वाटते. एक तर त्यांतले बरेचसे खोटे असतात. रहाटाच्या कुरकुरीने जाग येत असे, असे लिहिणारे अनेक लेखक आमच्याच वयाचे, म्हणजे पन्नाशी ओलांडलेले आहेत. आमच्या लहानपणीच बहुतेक विहिरींवर विजेचे पंप बसले होते. चालता रहाट आम्ही पाहिला तो आजोबांच्या विहिरीवरचा, तोही पाच-सहा वर्षांचे असताना. दोन लाकडी चक्रांचे दाते एकमेकांत अडकत, मडक्यांची माळ खाली जाई आणि भरून वर येई, पन्हळीत रिकामी होई, आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल त्याच त्या वर्तुळात फिरत राही. त्यानंतर तो मोडला तो मोडलाच. बाकीची कुरकुर आम्ही इतरांच्या लेखांतून ऐकली आहे.

पण खोटेपणापेक्षा मोठा आक्षेप वेगळा आहे. हे लेख लिहिणारे आणि वाचून गहिवरणारे आपण सारे तेच आहोत, ज्यांनी बावखले बुजवली, गोठे पाडून तेथे मोटारी उभ्या केल्या आणि विहिरीचे पाणी टँकरमागे मोजून विकले. एका हाताने विकायचे आणि दुसऱ्या हाताने आठवणी लिहायच्या, हा व्यवहार आपण गेली तीस वर्षे करीत आहोत.

वाडीतला मे महिना खरोखर कसा होता, तेही एकदा सांगायला हवे. त्याचे जे चित्र आपण रंगवतो, ते म्हणजे शिबिराच्या माहितीपत्रकातलेच चित्र आहे, फक्त जुन्या रंगात. शाळेला सुट्टी लागे ही गोष्ट खरी. गिरगावच्या चाळीत राहणारा आमचा मावसभाऊ आईबरोबर महिनाभर येई. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला एक मित्र सकाळीच हजर होई. आम्ही आंबे पाडत असू, जांभळे खाऊन जिभा रंगवत असू, ताडगोळ्यांसाठी ताडाखाली ताटकळत असू. हे सारे होते, पण हे दिवसाचे उरलेले तास होते. दिवसाचे मुख्य तास दुसऱ्यांच्या मालकीचे होते. ते मालक म्हणजे केळी, पानवेल आणि म्हैस.

पहाटे पंप सुरू झाला की दारे धरायला मुले लागत. एका आळ्याचे पाणी भरले की मातीने ते बंद करायचे, पुढचे उघडायचे. झोप आली आणि आळे फुटले तर पाणी भलतीकडे जाई आणि विहिरीतली आपली पाळी फुकट जाई, कारण विहिरीत चार घरांचे हिस्से होते आणि प्रत्येकाचे तास ठरलेले होते. राजेळी केळी सोलून सुकायला मांडली की दिवसभर कावळे हाकायला एक मूल तेथे बसवलेले असे आणि सूर्य कलला की ती सारी उचलून झाकून ठेवायची. मोत्या नावाचा एक कुत्रा या राखणीत सोबतीला असे. तो कावळ्यांवर भुंके आणि आमची पाठ फिरली की स्वतःच केळे पळवी.

म्हशींचे प्रकरण याहून गंभीर होते. म्हशीला घाम फारच कमी येतो. काळी कातडी उन्हात तापते आणि अंग निववायला तिला पाण्यातच बसावे लागते. मे महिन्यात तिला दुपारी पाण्यावर नेले नाही तर ती धापा टाकते, चारा सोडते आणि दूध आटवते. आमच्या घरी चंद्री नावाची म्हैस होती. तिला दुपारी बावखलात नेण्याचे काम आमच्याकडे होते. तिच्या शेपटीला धरून आम्ही पोहायला शिकलो आणि तिच्या पाठीवर बसून मावसभावाने आयुष्यातली पहिली बुडी मारली. एका दुपारी मात्र पत्त्यांचा डाव रंगला आणि चंद्री गोठ्याच्या पत्र्याखाली तशीच बांधलेली राहिली. संध्याकाळी तिने निम्मेही दूध दिले नाही. वडिलांनी आम्हाला मारले नाही. त्यांनी रिकामी कासंडी आमच्या हातात दिली आणि ज्या तीन घरी दुधाचा रतीब होता तेथे जाऊन, आज दूध का नाही, हे ज्याने विसरले त्यानेच सांगून यावे, एवढेच म्हणाले. तिसऱ्या घरी तान्हे मूल होते. त्या घराच्या पायरीवर उभे राहून आम्ही काय बोललो, ते आम्हाला आजही शब्दशः आठवते. ते येथे लिहीत नाही.

आमचे म्हणणे या एका दुपारीत जवळजवळ सारे आले आहे. रिसॉर्टमधल्या सशाला मुलांनी विसरले तर काहीही बिघडत नाही. संध्याकाळी पगारी माणूस येऊन त्याला गाजर घालतो. ज्या प्राण्याला आपल्या विसरण्याची झळ लागत नाही, त्याच्याशी मैत्री होऊ शकत नाही. त्याच्याशी फक्त छायाचित्र काढता येते. मुलांना निसर्गाच्या सान्निध्यात न्यावे असे पालक आम्हाला सांगतात, तेव्हा त्यांना हिरवी पार्श्वभूमी अभिप्रेत असते. आमची मुले निसर्गापासून दूर गेलेली नाहीत, घराच्या मागल्या दारी अजून नारळ उभे आहेत. त्यांच्या वाट्याला राखण उरलेली नाही, एवढेच काय ते घडले आहे.

आता आमच्या बहिणीचा आक्षेप. या लेखाचा पहिला खर्डा आम्ही तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “तुझा मे महिना वेगळा होता, माझा वेगळा. तू बावखलात होतास तेव्हा मी ओटीवर हार ओवत होते.” तिचे खरे आहे. पहाटेच्या लोकलने आई फुलांची टोपली घेऊन दादरला जाई. त्यासाठी कळ्या खुडणे, सुया, दोरा, ओली फडकी हे सारे मुलींच्या वाट्याला होते. सुट्टी लागली की तिचे काम वाढे. आणि तिने न सांगितलेली गोष्ट आम्ही सांगतो. वाड्यांतले निम्म्याहून अधिक कष्ट आपल्या हातचे नव्हतेच. ते वारली कुटुंबांचे होते. आमच्या वाडीत येणाऱ्या कुटुंबात आमच्याच वयाचा एक मुलगा होता. तो आमच्याहून चांगला पोहत असे आणि चंद्री त्याचे आमच्याहून अधिक ऐकत असे. जूनमध्ये आम्ही नवी दप्तरे घेऊन शाळेत गेलो. तो गेला नाही. का गेला नाही, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. आपल्या स्मरणरंजनात वारली आलेच तर ‘प्रामाणिक गडी’ म्हणून एका ओळीत येतात. म्हणून सांगतो, वाडीचा सुवर्णकाळ परत आणावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यात सोने कोणाचे आणि घाम कोणाचा, हे आम्हाला ठाऊक आहे.

परंतु बावखलाची गोष्ट वेगळी आहे. ती आठवणीतली गोष्ट नाही, हिशेबातली आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्याला एका बाजूला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा. तिन्हीकडून खारे पाणी. मध्ये वाळूमिश्रित जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. या तरंगण्याचा एक नियम आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या वर जितकी असते, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी साठते. म्हणजे उपशामुळे वरची पातळी एक फूट उतरली तर खालची खारी सीमा कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. विहिरीवर उभे राहून आपण एका फुटाचा व्यवहार करतो आणि जमिनीच्या पोटात चाळीस फुटांचा होतो. आपल्या पूर्वजांना हे गणित मांडता येत नव्हते, पण त्यांनी वाडीवाडीतून बावखले खोदली, पावसाचे पाणी त्यांत अडवले, ते विहिरींना पाझरू दिले आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात पाणी तळाला गेले की गाळ उपसला. तो काळा गाळ केळीच्या आणि नारळाच्या बुंध्याशी पडे. गाळ काढण्याचे ते दिवस म्हणजे वाडीतला खरा सण. भावकी, शेजारी, वारली कुटुंबे, मुले, चिखलात सापडणारे मासे, आणि संध्याकाळी अंगावर वाळलेल्या चिखलासकट क्रुसाजवळच्या प्रार्थनेला जाऊन बसलेली आम्ही पोरे. मृगाचा पहिला पाऊस त्या रिकाम्या खड्ड्यात पडत असे.

आमच्या वाडीत अशी दोन बावखले होती. पुढचे मोठे बावखल २००६ साली बुजवले. डबराने भरलेल्या गाड्या पंधरा दिवस येत होत्या. हिस्सेदार म्हणून आमच्या संमतीचा कागद धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर आला आणि आम्ही तो न वाचता सही करून दिला. कोणीतरी अंत्यविधीची वेळ विचारायला आले होते, आम्ही घाईत होतो. आज त्या जागेवर लग्नसमारंभाचे लॉन आहे. त्याच्या उद्घाटनाला पवित्र पाणी शिंपडायला आम्हीच गेलो होतो. मागचे लहान बावखल मात्र शाबूत आहे. ते आमच्या पर्यावरणनिष्ठेमुळे वाचले असे कोणी समजू नये. ते चुलत्यांच्या सामाईक हिश्श्यात आहे आणि भावकीत बोलणे नसल्यामुळे बुजवायच्या कागदावर सर्वांच्या सह्या कधीच जमल्या नाहीत. वसईतली आणखी काही बावखले याच एका कारणाने वाचली असावीत, असा आमचा तर्क आहे. भांडखोर भावकीचे उपकार मानावे असे प्रसंग विरळा, पण हा त्यांतला एक आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल थांबल्या. तेव्हा आपण महानगरपालिकेला नावे ठेवली. तिचे दोष आहेतच. पण लॉनवर जे गुडघाभर पाणी साठले होते, ते आपली जुनी जागा शोधत आलेले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने केळी आडव्या केल्या आणि कित्येक दिवस वीज नव्हती. पंप मुके झाले. ज्यांच्या विहिरी अजून उघड्या होत्या आणि ज्यांच्या घरात दोर आणि बादली होती, त्यांच्याकडे रांगा लागल्या. त्या रांगेत विहिरीवर काँक्रीटचे झाकण टाकून वर मोटार उभी करणारेही होते.

आपण लढलो नाही असे नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बांधकामांचा लोंढा आला, १९९० साली नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. त्या काळात हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली माणसे हजारोंनी रस्त्यावर आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या लढ्याच्या अग्रभागी होते आणि त्याची किंमत त्यांनी धमक्यांच्या रूपाने मोजली. आम्ही तेव्हा सेमिनरीत शिकत होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो की मोर्च्यांच्या गोष्टी ऐकून छाती फुगवत होतो. पुढे २००९ साली महानगरपालिका झाली. गावे वगळा म्हणून पुन्हा आंदोलन झाले. गाव राहावे म्हणून आपण लाठ्या-काठ्यांना सामोरे जायला तयार होतो, पण त्याच वर्षांत आपणच अंगणात फरसबंदी करीत होतो. शत्रू बाहेरून आला तेव्हा आपण शूर होतो. तो आपल्याच ओसरीवर सहीचा कागद घेऊन आला तेव्हा कोणाला ओळखता आला नाही. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये गेले. त्यानंतर शोकसभा झाल्या, श्रद्धांजलीचे लेख आले, आम्हीही एक लिहिला. त्या लेखात आमच्या बावखलाचा उल्लेख नाही.

धर्मगुरू म्हणून आमच्या वर्गाचाही हिशेब मांडला पाहिजे. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर मे २०१५ ची तारीख आहे. पाण्याला बाजारातली वस्तू बनवण्याच्या प्रवृत्तीवर त्यात स्पष्ट शब्दांत टीका आहे. त्याच्या स्मरणार्थ मे महिन्यात सप्ताह पाळतात. आम्ही तो एकदा पाळला. सभागृहात व्याख्यान ठेवले, मागे प्लास्टिकचा फलक लावला आणि प्रत्येक श्रोत्याच्या हातात बाटलीबंद पाणी दिले. प्रवचनातून आम्ही परीक्षेत चमकलेल्या मुलांची नावे वाचतो, कॅनडाला आणि ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांना आशीर्वाद देतो. वाडीत नवी पानवेल लावली म्हणून एखाद्या तरुणाचे नाव वेदीवरून घेतल्याचे आमच्या पंचवीस वर्षांच्या सेवेत घडलेले नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वेळी आम्ही मुलाला विचारतो, काय करता? तो ‘वाडीत काम करतो’ असे खाली मान घालून सांगतो, आणि आम्ही लगेच विचारतो, ‘आणि नोकरी?’ मग ‘मुलगा वाडीत आहे’ एवढ्यावर सोयरिकी मोडतात याचे नवल कशाला करावे? शब्बाथाच्या आज्ञेत बैलाच्या आणि गाढवाच्याही विश्रांतीची तरतूद आहे, हे आम्ही सेमिनरीत मूळ संदर्भांसह शिकलो. आमचे आजोबा शाळेत गेले नव्हते, पण रविवारी रहाटाला बैल जुंपत नव्हते.

टँकरचा प्रकार कळल्यावर आम्ही त्याच रात्री भावाला फोन केला. घरातही आम्हाला ‘फादर’ म्हणणारा आमचा थोरला भाऊ त्या रात्री ‘तू’वर आला. तो म्हणाला, “तू मे महिन्यात चार दिवस येतोस, आंबे खातोस आणि लेख लिहितोस. केळीचा घड काय भावाने जातो ठाऊक आहे? मजुराला दिवसाचं काय द्यावं लागतं ठाऊक आहे? दोन म्हशी अजून ठेवल्यात त्या दुधासाठी नाही, आईनं सांगितलं होतं म्हणून. टँकर बंद करतो. तिच्या पेंढ्याचे पैसे तू पाठव.”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि जे वाडीविक्रीवर टीका करतात त्यांच्याकडेही सहसा नसते. भावाचे म्हणणे खोटे नाही. वाडीवर घर चालत नाही, मुलगा बँकेत आहे, सुनेला शेणाची सवय नाही. पण त्याच्या बोलण्यातच एक गोष्ट दडलेली आहे. जी वाडी अजून उरली आहे ती नफ्यासाठी नव्हे, कोणाला तरी दिलेल्या शब्दासाठी उरली आहे. तो शब्द एकट्या भावाने पाळायचा, आणि त्या हिरवळीच्या गौरवावर आपण सर्वांनी मिरवायचे, हा न्याय नव्हे. धर्मग्रामाकडे शिबिरासाठी पैसा आहे. रिसॉर्टला द्यायला तो कोणाला जड वाटला नाही. तोच पैसा चार वाड्यांच्या मालकांना पेंढ्यासाठी, मजुरीसाठी, गाळ काढण्यासाठी का देता येऊ नये, असा प्रश्न आम्ही एप्रिलच्या बैठकीत मांडला.

बैठक वादळी झाली. आगाऊ रक्कम बुडणार, हा पहिला आक्षेप. ती बुडणार आहे, आणि आमच्या निष्काळजीपणाची ती भरपाई म्हणून आम्ही स्वतः भरणार आहोत. दुसरा आक्षेप सापांचा. वाडीत साप असतात, हे खरे. म्हणून मोठी माणसे बरोबर राहतील आणि अंधार पडण्यापूर्वी मुले घरी जातील. एका मातेने विचारले, मुलांना शेणात हात घालायला लावणार का? आम्ही म्हणालो, होय. त्यांनी मुलाचे नाव मागे घेतले. एकूण बेचाळीस नावांपैकी सव्वीस उरली आहेत. एका सभासदाने मात्र असे विचारले की ज्याला आम्ही निरुत्तर झालो: गाळ काढायला वारली मजूर आणणार का, आणि आणणार असाल तर त्यांची मुले शिबिरात असतील की घमेली उचलतील? त्या प्रश्नावर बैठक अर्धा तास थांबली. शेवटी असे ठरले की मजुरी पुरुषांइतकीच स्त्रियांना दिली जाईल आणि त्यांच्या मुलांची नावे यादीत असतील, वही-खाऊसकट, आमच्या मुलांच्या नावांमध्ये मिसळून, वेगळी नाहीत.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मे महिना उजाडला असेल. आमच्या वाडीतल्या मागच्या बावखलात जलपर्णी माजली आहे, तळात बाटल्या आणि पिशव्या आहेत. चुलत्यांच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. सोळा वर्षांनी त्या ओसरीवर चहा घेतला. बावखल बुजवायला त्यांची सही मिळाली नव्हती. साफ करायला सही लागत नाही, असे काकूंनी सांगितले. १५ मे रोजी, शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याच्या सणाच्या दिवशी, सकाळी सहाच्या मिस्सानंतर कामाला सुरुवात होईल. घमेली आणि फावडी धर्मग्रामातून येतील, जुने कपडे ज्याचे त्याने आणावेत. मुलांचे चार-चारांचे गट केले आहेत. प्रत्येक गटाकडे एका वाडीतले एक जनावर तीन दिवस राहील. त्याचा चारा, त्याचे पाणी, त्याची दुपार, सारे त्या गटाकडे. दूध कमी पडले तर कोणाच्या दारी जाऊन सांगायचे, त्या घरांची यादीही आम्ही त्यांना देणार आहोत.

भावाने दोन्ही म्हशी देण्याचे कबूल केले आहे. टँकरवाल्याशी त्याचा व्यवहार मात्र जूनपर्यंतचा आहे आणि तो मोडायला तो तयार नाही. त्या तीन दिवसांतही टँकर रोज दुपारी विहिरीवर येईल, असे त्याने बजावून सांगितले. आम्ही त्याला हरकत घेतलेली नाही. गाळ काढणाऱ्या मुलांनी तोही पाहावा.